रुखमाच्या अंगणातली उघडी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, दोनच माणसांची, कापडी टपाची विलायती गाडी आहे. टप आता राहिला नाही आणि माणसांऐवजी माझ्यात कोंबड्या बसतात. त्या मागच्या बाजूला अंडी घालतात. ती काढायला मुलं येतात आणि जाताना माझी दारं आपटून जातात. मी काही म्हणत नाही. म्हणायचं त्राणच उरलेलं नाही. पण आज तुम्ही विचारलंच आहे, तर ऐका.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. बल्लारपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या साहेबाने मला हौसेने आणलं. तो संध्याकाळी मला क्लबापर्यंत नेई आणि परत आणी. एवढंच काम. पुढे साहेब गेला, मालक बदलत गेले, टपाला उंदरांनी भोकं पाडली, आणि शेवटी मी भंगारात निघाले. तिथे मला खुशालने पाहिलं.

खुशाल गडचांदूरच्या एका सिमेंट कारखान्यात फिटर होता. त्याची आई ठमाबाई त्याच्याजवळच राहायची. भंगारातून त्याने मला घरी ओढत आणलं तेव्हा ती दारातूनच म्हणाली, "हे काय आणलं रे? याले छपरच नाई." खुशाल हसला. त्याने माझं इंजीन उघडलं, धुतलं, पुसलं आणि मला पुन्हा चालतं केलं. इतक्या प्रेमाने मला आधी कुणी हात लावला नव्हता, हे मी आजही कबूल करते.

पण त्याला माझी एक खोड खपत नसे. वळणावर मी एका अंगाला कलायची. त्याने मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जीपचे दोन जादा पाटे घातले. गचके झेलणारे माझे जुने तेलाचे शॉकप काढून दुसरे, दगडासारखे टणक बसवले. पुढच्या दोन चाकांना जोडणारी, कलणं रोखणारी सळई काढून तिच्या दुप्पट जाडीची टाकली. मी ताठ झाले. राजुऱ्याच्या रस्त्यावर एक मोठं वळण होतं, तिथे पानठेल्यावरची माणसं उठून मला बघायची. वळणावर मी तसूभरही कलत नसे. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं.

ठमाबाईला नाही आवडलं. एकदा ती बाजारातून माझ्यात बसून निघाली आणि अर्ध्या वाटेत उतरली. "माह्ये दात हालले," ती म्हणाली. "मले पायीच येऊ दे." आणि पिशवी डोक्यावर घेऊन ती खरंच चालू लागली. त्यानंतर ती माझ्यात बसली नाही. खुशालने ते हसण्यावारी नेलं. खड्डा आला की माझी चाकं जमीन सोडून हवेत उडत, आणि त्यालाच तो चपळपणा समजत होता.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. खुशालची धाकटी बहीण रुखमा त्या जिल्ह्यात, जंगलाच्या आत एका गावी दिलेली. धानाचे भारे भरलेल्या बैलबंडीवरून ती खाली पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात हाड बसवून प्लास्टर घातलं. पण घरी नेताना ट्रकच्या गचक्यांनी ते हाड पुन्हा सरकलं. तिला परत आणलं, पुन्हा बसवलं. या वेळी प्लास्टर छातीपासून पायाच्या बोटांपर्यंत होतं, आणि फाकलेल्या दोन पायांच्या मध्ये एक आडवी काठी. दवाखान्यात खाटा कमी, रोगी व्हरांड्यात झोपलेले. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण आता गचका बसता कामा नये. पुन्हा हाड सरकलं तर पाय आखूड राहील. चिखलात उभं राहून धानाची रोवणी करणं मग कायमचं विसरा.

न्यायचं कसं? त्या आकाराची बाई एसटीच्या दारातून आत जाईना, जीपच्या दारातूनही जाईना. खाटेवर न्यायला गाव फार लांब होतं. खुशाल भेटायला गेला होता. मी बाहेर लिंबाखाली उभी होते. पडल्यापडल्या रुखमा खिडकीतून माझ्याकडेच बघत होती.

"भाऊ, तुह्या गाडीले टप नाई ना?" ती म्हणाली. "मंग मले वरून ठेवता येईन."

"माय तिच्यात बसत नाई," खुशाल म्हणाला. "तुले कशी बसवू?"

"मंग माय बसन अशी कर."

परतीच्या वाटेवर खुशालने मला इतकं हळू चालवलं की सायकलवाले पुढे गेले. प्रत्येक खड्ड्याला तो स्वतःशीच चुकचुकत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मला विटांवर चढवलं. जादा पाटे काढले, जाड सळई काढून जुनी परत घातली, ते टणक शॉकप काढले. मग आईला हात जोडून माझ्यात बसवलं. मी डुलत डुलत निघाले. एक खड्डा गेला तरी मी पुढचे चार हिसके खातच राही. ठमाबाईने पदर तोंडाला लावला. "आता दात नाई हालत," ती म्हणाली, "पोट हालून राह्यलं."

नुसतं मऊ करून भागत नाही, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पाट्यांना दबू द्यायचं, पण उसळू द्यायचं नाही. त्याने माझे मूळचे तेलाचे शॉकप फळीवरून खाली काढले. ते कोरडे पडले होते. त्यांचे वायसर त्याने चामड्याचे कापून बसवले, आत दाट तेल भरलं. पाटे एकेक सुटे करून घासले आणि मध्ये ग्रीस लावलं. जिथे लोखंडावर लोखंड घासत होतं तिथे कारखान्यातल्या झिजलेल्या पट्ट्याचं रबर कापून घातलं. टायरमधली हवा थोडी कमी केली. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं चाक खड्ड्यात उतरलं आणि जमीन न सोडता वर आलं. वळणावर मी पुन्हा जराशी कलू लागले, पण आता रस्ता माझ्या पायाखाली होता. पानठेल्यावरून कुणी बघायला उठलं नाही. कोरपन्याच्या वाटेवर खुशालने शेजारी पाहिलं, तर ठमाबाई मान टाकून झोपली होती. तोंड उघडं टाकून ती घोरत होती. माझी याहून मोठी तारीफ कुणी केलेली नाही.

रुखमाला न्यायच्या दिवशी खुशालने माझी एक सीट काढली, समोरची काच पुढे पाडली आणि लांब फळीवर गोधड्या अंथरल्या. चार माणसांनी तिला वरून अलगद ठेवलं. तिचा एक पाय दाराबाहेर राहिला. धानोऱ्याचा रस्ता सोडून आम्ही जंगलात शिरलो. तिचा नवरा देवराव सायकलवर पुढे होता. गावच्या लोकांनी चाकोरीतले खड्डे धानाच्या तणसाने भरून ठेवले होते. रुखमा वर सागाच्या फांद्या बघत होती. तिच्या तोंडून एकदाही हाय निघाली नाही.

मग नाला आला. कोरडाच होता. पण मऊ पाट्यांवर फळीचं आणि माणसांचं ओझं पडून माझं पोट जमिनीच्या फार जवळ गेलं होतं, आणि खुशालने एवढं सगळं केलं, ते मात्र मोजलं नव्हतं. एक दगड माझ्या इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला लागला. नाला ओलांडून खुशालने खाली वाकून पाहिलं. माझं तेल वाळूत गळत होतं.

"बंडी बलावू का?" देवरावने हळूच विचारलं.

"नाई. बंडीचे गचके बसले तं पाय गेला समज."

"अन गाडी?"

"गाडी जाऊ दे."

मी ते स्पष्ट ऐकलं. मला वाईट वाटलं. रागही आला. ज्याने भंगारातून उचललं, त्याच्याच तोंडून हे ऐकायचं? पण तो पुन्हा बसला आणि निघण्याआधी त्याने स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. आम्ही निघालो. आत लोखंड लोखंडाला खाऊ लागलं.

"भाऊ, गाडी आवाज करून राह्यली," रुखमा म्हणाली.

"काही नाई. तू डोये मिट."

मी तिच्या अंगणापर्यंत आले. फाटकातून आत शिरले आणि तिथेच इंजीन आवळून कायमचं बंद पडलं. लोकांनी रुखमाला उचलून आत नेलं. खुशाल मात्र अंधार पडेपर्यंत माझ्या बॉनेटवर डोकं टेकून बसला होता.

पुढे तो बरेचदा आला. माझे सुटे भाग नागपूरलाही मिळाले नाहीत. हळूहळू त्याचं येणं कमी झालं. मी त्याला दोष देत नाही, पण वाट पाहणं हे धावण्यापेक्षा जास्त थकवतं.

उन्हाळ्यात आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी घरी येऊन प्लास्टर कापलं. ठमाबाई मुद्दाम आली होती. तिने लेकीच्या दोन्ही टाचा जुळवून पाहिल्या. सारख्या होत्या. पण पायात जीव नव्हता. काठी रुखमाला धरवेना, माणसाचा हात धरायची तिला लाज वाटे. मग ती माझ्याजवळ आली. माझं मडगार्ड धरलं, मग दार, मग मागची कड, आणि तशीच फिरून पुन्हा पुढे. रोज सकाळी ती माझ्याभोवती फिरे. एके दिवशी मागच्या कडेपाशी तिने हात सोडला आणि विहिरीपर्यंत चालत गेली. त्या पावसाळ्यात ती रोवणीला गेली.

याला आता काही वर्षं झाली. मित्रांनो, मला रंग लावा, इंजीन बसवा, असं मी म्हणणार नाही. ते दिवस गेले. पण रुखमा अजूनही येता-जाता सवयीने माझ्या मागच्या कडेवर हात ठेवते. तिथला पत्रा गंजून धार धरू लागला आहे. अंडी न्यायला याल तेव्हा कुणीतरी एक जुनं फडकं आणा आणि त्या कडेवर घट्ट गुंडाळा. नाहीतर पत्रा तिच्या हाताला लागेल.