विल्फचे दात

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या गॉडबर भिंग-कारखान्याच्या पन्नास वर्षांचा इतिहास छापून आला. त्यात संस्थापकांच्या मिशा आल्या, कॅमेऱ्याच्या भिंगांना मिळालेली बक्षिसं आली. विल्फ ऑर्टनचे दात तेवढे राहून गेले. अहो, कारखाना उभा होता तो त्या दातांवर!

भिंगाला शेवटची झिलई काळ्या राळेच्या थरावर द्यायची. राळ कडक झाली तर ओरखडे, मऊ राहिली तर आकाराचा सत्यानाश. विल्फ रोज सकाळी राळेचा थंड तुकडा दाताखाली धरायचा आणि सांगायचा, "अजून दोन चमचे टर्पेंटाइन." एकतीस वर्षांत एकदा चुकला नाही.

१९४९ साल. सरकार कवळ्या फुकट देत होतं. फुकट म्हटल्यावर मागे कोण राहतो? बायकोने, हेटीने, विल्फला रांगेत उभं केलं आणि होते नव्हते ते सगळे दात उपटून आणले. नव्या कवळीने त्याने राळ चावली, तर वरची कवळी राळेतच रुतून बसली.

तीन दिवस भिंगं वाया गेली. मॅनेजर थर्लबीसाहेब म्हणाले, "ऑर्टन, उद्याही हेच झालं तर परवापासून खोकी बांधायला जा."

संध्याकाळी विल्फने हेटीपुढे तुकडा ठेवला. "हे चाव."

"चहाबरोबर डांबर? दातांबरोबर अक्कलही उपटली का रे?"

"चाव गं. काय वाटतं ते सांग."

तिने तोंड वाकडं करून चावलं. "कट्‌कन तुटलं. दाताला धरलं नाही."

"म्हणजे कडक!" विल्फ उडालाच.

दुसऱ्या दिवसापासून हेटी कारखान्याच्या फाटकात उभी राहून राळ चावू लागली. भिंगं पुन्हा लखलखली. आठवड्याने ती म्हणाली, "सोमवारपासून तुझं तू बघ. कवळीसाठी माझा नंबर लागलाय."

विल्फचं धाबं दणाणलं. "नको गं, हेटी!"

"तुझ्या राळेपायी हे वेडेवाकडे दात जन्मभर वागवू?"

"राळेपायी नाही," तो चाचरत म्हणाला. "त्या पुढच्या वाकड्या दाताकडे बघूनच तर मी तुला मागणी घातली होती."

संसाराच्या बावीस वर्षांत असलं काही तो प्रथमच बोलला होता, तेही निसटती कवळी सावरत. हेटीला हसू आलं, मग डोळे भरून आले. दंतवैद्याची चिठ्ठी तिने शेगडीत टाकली.

"आण ती राळ," ती म्हणाली. "आणि मघाचं पुन्हा बोल. कवळी नीट बसवून."