गूळ-चुन्याचा सांधा

श्रावणीनं बॅटरीचा उजेड सुरईच्या मानेवर धरला आणि रत्ना पुढं सरकली. सांध्याची केसाएवढी रेघ तिथंच होती.

पानशेतच्या धरणाकाठचा उपेंद्र साहेबांचा बंगला रत्ना अकरा वर्षं सांभाळत होती. साहेब शनिवार-रविवारी पुण्याहून येत. बाकीचे दिवस बंगला तिचा आणि मुंग्यांचा. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात साहेबांच्या आजोबांनी जमवलेली चिनी मातीची निळी-पांढरी भांडी होती, दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीची. रत्नाशिवाय त्यांना कुणाचा हात लागत नसे. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असायची आणि तिला त्याचा तोराही होता.

आता म्हणे ती भांडी डिजिटल होणार होती. श्रावणी पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीची. एकेक भांडं फिरवून फिरवून त्याचे शेकडो फोटो काढायची. त्या सगळ्यांचं मिळून एक चित्र, त्याची नोंद ब्लॉकचेन नावाच्या इंटरनेटवरच्या वहीत, आणि जगातल्या हौशी लोकांनी ते चित्र विकत घ्यायचं. खरं भांडं मुंबईत तिजोरीत. रत्नाच्या नवऱ्याला, हनुमंतला, हे काही केल्या पटेना. ताट नुसतं बघायचं, जेवायचं नाही, असला हा प्रकार, असं म्हणून तो टेम्पो घेऊन कामाला निघून गेला.

रत्नाची मात्र चार दिवस नुसती घालमेल चालली होती. निळ्या माशांची ती सुरई तिनं फोडली होती, कामाला लागल्याच्या पहिल्याच वर्षी, पुसताना. मान तुटून हातात आली. दुकानातून काही चिकटवायचं आणायचं सोडून ती सुरई जुन्या लुगड्यात गुंडाळून मार्गासनीला वडलांकडे घेऊन गेली. कोंडिबा गवंडी. उमेदीत त्यांनी गडांच्या तटांची डागडुजी केलेली. त्यांना ठाऊक मसाला एकच, बैलाच्या घाणीत दळलेला चुना आणि त्यात गूळ. त्यांनी मान अशी बसवली की रत्नालाही सांधा दिसेना. मुंग्यांना तेवढा सापडला. गुळाच्या वासानं त्या कपाटाच्या फटीतून रांग लावून यायच्या, म्हणून रत्ना दर सोमवारी सुरईभोवती मुंग्यांच्या खडूनं गोल रेघ ओढायची. कोंडिबा जाऊन चार वर्षं झाली, तरी ओढायचीच.

"इथं जोड आहे," श्रावणी म्हणाली.

साहेब चष्मा लावून वाकले. आईच्या हातून झालं असणार, ते म्हणाले. शेवटी शेवटी तिचे हात थरथरायचे. आता गप्प राहिलं की सुटलो, एवढं तिला कळत होतं, आणि स्वतःची लाजही वाटत होती. मग साहेबांनी ती सांध्याची रेघ नखानं टोकरली. कुणीतरी गावठी हातानं थापलंय, खरवडून काढू आणि चांगल्या माणसाकडून नीट करून घेऊ, असं म्हणत त्यांनी श्रावणीकडे टोकदार काही आहे का म्हणून विचारलं.

"खरवडू नका," रत्ना म्हणाली. "म्या फोडली ती. आईसाहेबांनी न्हाई. आन् आमच्या आबांनी जोडली."

कुणी काही बोलायच्या आत तिनं टेबलावर कोरा कागद पसरला, सुरई काठोकाठ पाण्यानं भरली आणि वर ठेवली. साहेब घड्याळाकडे बघत दहा मिनिटं उभे राहिले. कागद कोरडाच होता.

राहू दे मग, साहेब म्हणाले. श्रावणीनं लॅपटॉप पुढं ओढला. दुरुस्तीची नोंद करावी लागते, नाव काय टाकू, तिनं विचारलं.

"कोंडिबा गवंडी, मार्गासनी," रत्ना म्हणाली.

नावाची गरज नाही, साहेब म्हणाले, उगाच किंमत उतरते. अज्ञात कारागीर एवढं टाका. श्रावणीनं तेवढंच टाइप केलं.

"मागनं बदलाया येतंय का ते?" रत्नानं श्रावणीला विचारलं.

"नाही हो मावशी," श्रावणी खाली बघत म्हणाली. "एकदा लिहिलं की कायमचं."

दुपारी गाडी आली आणि सगळी भांडी घेऊन गेली. साहेब रागावले नाहीत, कामावरून काढलंही नाही. निघताना एवढंच म्हणाले, "रत्नाबाई, कपाटाची किल्ली आता माझ्याकडे राहू द्या."

तिनं कमरेची किल्ली सोडून दिली. साहेबांनी रिकाम्या कपाटाला कुलूप लावलं आणि ते गेले.

ती काचेपाशी जाऊन उभी राहिली. मधल्या फळीवर खडूची गोल रेघ तशीच होती. आत काही नव्हतं. मुंग्या मात्र नेहमीसारख्या आल्या होत्या आणि रेघेला वळसा घालून चालल्या होत्या.