केबलची घडी

पिशवी टेबलावर आपटूनच तिने संगणकाची पेटी स्वतःकडे ओढली आणि बाजूच्या पत्र्याचे स्क्रू काढायला घेतले. बसणं नाही, पाणी नाही, बोलणं नाही. आज ती दुकानाच्या नावावरचा डाग धुऊन काढायला आली होती.

"तिसरी वेळ आहे ही," मागे कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या.

"मोजता येतं मला, वहिनी."

तिचा भाऊ तिला ठिणगी म्हणायचा, ते उगाच नव्हे. दोघं भावंडं मिळून संगणक दुरुस्तीचं दुकान चालवत. या वहिनी त्यांच्या गिऱ्हाईक; त्या घरबसल्या लोकांना घरांचे नकाशे काढून देत, आणि ते सगळे नकाशे ज्या हार्ड डिस्कवर होते, ती डिस्क थोड्याथोड्या दिवसांनी पडद्यावरून गायब व्हायची. पहिल्यांदा ठिणगीनेच जुनी केबल काढून नवी घातली. दुसऱ्यांदा दादा आला. तो असा वेंधळा, की काढलेली केबल नीट न बघताच कचऱ्यात टाकून आणखी एक नवी लावून गेला. आता ही तिसरी खेप. दरम्यान वहिनींनी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं होतं, की त्या दुकानात जुना माल नवा म्हणून गळ्यात मारतात. तेवढ्यावर या इमारतीतली दोन गिऱ्हाइकं तुटली. उचलली जीभ, लावली टाळ्याला! अहो, पेटीत गप पडून असलेल्या केबलला काय पाय फुटतात? कोणीतरी पेटी उघडत होतं, एवढं ठिणगीला झोपेतही सांगता आलं असतं. ते आज वहिनींच्या डोळ्यांदेखत सिद्ध करायचं आणि मगच पायरी उतरायची, असं ठरवून ती आली होती.

स्क्रू नुसते टेकवलेले निघाले. दादा वेंधळा असला, तरी स्क्रू घट्ट पिळायचा. ठिणगी मनात म्हणाली, हा एक पुरावा.

तिने यंत्र चालू करून तळवा डिस्कवर ठेवला. डिस्क थरथरत होती. म्हणजे वीज पोहोचत होती. पिवळ्या, लाल, काळ्या तारांची ती विजेची केबल ठणठणीत होती. राहिली दुसरी, चपटी लाल पट्टी, माहितीची ने-आण करणारी. यंत्र बंद करून तिने बॅटरीचा झोत आत टाकला आणि तिचा हात थांबला.

त्या पट्टीला कोणीतरी चुण्या घातल्या होत्या. खिडकीच्या पडद्याला घालतात तशा, एकसारख्या, एकावर एक बसवलेल्या, प्रत्येक घडी नखाने दाबून पक्की केलेली. मध्यावर निळ्या दोऱ्याने आवळून बांधलेलं. आतल्या बारीक तारा त्या घड्यांवरच मोडल्या होत्या.

'सापडलं!' हे तिच्या ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात तिची नजर स्वतःच्या पिशवीवर गेली. पहिल्या खेपेला पिशवीचा पट्टा तुटला होता. ती कामात असताना वहिनींच्या सासऱ्यांनी न सांगता पिशवी उचलून नेली होती आणि पट्टा शिवून आणून ठेवला होता. या आजोबांची सगळी हयात शिवणकामात गेलेली. पट्ट्याला दोरा निळाच होता. गाठही तीच, दुहेरी, टोक आत वळवलेलं.

तिने मान वर केली. फोनच्या चार्जरची वायर गुंडाळून निळ्या दोऱ्याने बांधलेली. इस्त्रीची तशीच. आणि दारात आजोबा उभे होते, चष्मा पुसत.

"काय झालं? बोला की," वहिनी म्हणाल्या.

"पेटीला धक्काबिक्का लागला असेल," ठिणगी चाचरत म्हणाली. असं चाचरायची तिला सवय नव्हती.

"धक्का कोण देणार? दिवसभर घरात मी आणि बाबा." वहिनी गर्रकन वळल्या. "बाबा, तुम्ही हात लावलात का? मागे मिक्सर खोलून ठेवलात तेव्हाच ठरलंय ना आपलं? पुन्हा कशात लुडबूड केलीत, तर ती सुईदोऱ्याची पेटी माळ्यावर जाणार. लावलात का हात?"

आजोबा चष्मा पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आधी तर या म्हाताऱ्यावरच! माझ्या दुकानाच्या नावाला काळं फासायचं आणि वर चष्मा पुसत उभं राहायचं? मग वहिनींवर. आणि मग त्या माळ्यावर, जिथे या माणसाची पेटी जाणार होती आणि तो खाली रिकाम्या हातांनी बसणार होता. एका वाक्याचं काम होतं. नुसतं बाजूला सरकायचं, की वहिनींना सगळं आपोआप दिसलं असतं.

ती सरकली नाही. कटरने दोरा तोडून तिने मुठीत घेतला आणि केबल उपसून खिशात कोंबली.

"केबल खराब होती."

"काय?"

"केबल! खराब! आमचीच! झालं समाधान?"

"मी काय वेगळं सांगत होते?" वहिनींचा चेहरा फुलला. त्या फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. "अगं, कबूल केलं तिने! स्वतःच्या तोंडाने!" शब्दन्‌शब्द बाहेर ऐकू येत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाने आपण होऊन मान पुढे केली होती. बोलणार कोणाला? ठिणगीचे कान तापले होते.

"आजोबा, इकडे या," ती दबक्या आवाजात खेकसली. "बॅटरी धरा."

आजोबांनी बॅटरी धरली. तिने नवी केबल डिस्कला लावली.

"टक झालं, ऐकलंत? म्हणजे बसली. आता ही अशीच सैल राहणार. घडी नाही, गाठ नाही. मोडते ती."

आजोबांनी आत वाकून पाहिलं.

"फार गबाळं दिसतं गं."

"दिसू दे! कोण बघायला येतंय आत?"

आजोबांनी विचारलं, "चुण्या सरळ होत्या ना पण?"

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर दोन पावलं मागे गेला असता.

"सरळ होत्या," ती म्हणाली. खोटं किती बोलायचं एका दिवसात?

नकाशे पडद्यावर आले. तिने पत्रा लावला, स्क्रू मनगट दुखेपर्यंत पिळले आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरली.

दुकानात दादा वाटच पाहत होता.

"सापडलं का? चूक कोणाची निघाली?"

"माझी!" ती एवढ्या जोरात ओरडली, की त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. "आणि वरच्या फळीवर जाड वायरींचं भेंडोळं पडलंय ना, कितीही गुंडाळल्या तरी चालतील अशा? ते काढ. उद्या न्यायचंय."

"कुठे?"

"शिंप्याकडे!"

दादाने विचारायला तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने शिडी आणायला गेला.