जयवंतामावशीची मशीन

पांढुर्ण्याहून निघणारी कंपनीची बस संत्र्याच्या बागांतून जाऊ लागली की प्रज्ञाचे डोळे आपोआप मिटायचे. बागा फुलावर आल्या होत्या. खिडकीतून येणाऱ्या गोडसर वासात साऱ्या बाया डुलत होत्या, कुणाचं डोकं कुणाच्या खांद्यावर. त्या सकाळी जागी होती ती एकटी प्रज्ञा. सौंसरकडच्या सूतगिरणीत आजपासून ती रिंगखात्याची, म्हणजे सूत कातायच्या विभागाची, सुपरवायझर होती, आणि मागच्या सीटवर बसलेली गिरणीतली जुनी कामगार जयवंतामावशी तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

बारावीनंतर प्रज्ञा गिरणीत लागली ती मशीनखालचा कापूस झाडायला. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आपण ढगात शिरलो. उंच खिडक्यांतून उजेडाचे पट्टे खाली यायचे आणि त्यांत कापसाचे तंतू इतके सावकाश तरंगायचे, की काळ कुठंतरी बसून राहिलाय असं वाटावं. हजारो बॉबिनी एका सुरात घुमत होत्या. त्या घुमण्यात ती झाडू धरून नुसतीच उभी राहिली, तेव्हा जयवंतामावशीनं तिचा हात धरून तिला मशीनपाशी नेलं. तुटलेला धागा पकडायचा कसा, बोटाच्या टोकानं जोडायचा कसा, हे तिनंच शिकवलं.

पुढं झाडू सुटला, मशीन मिळाली. मग सूत तपासायच्या खोलीत बदली, मग सुट्ट्या खर्चून बाहेरून केलेली पदविका, मग सुपरवायझरच्या हाताखालचं काम. तिचे वडील उत्तमजी नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. पोरगी कशी वर चढून राहिली, हे ते नळावर येईल त्याला सांगायचे. प्रज्ञाला मात्र वर चढल्यासारखं कधी वाटलंच नाही. त्याच ढगात आपण आणखी आत, आणखी आत चाललोय, एवढंच तिला वाटायचं.

नव्या कामाच्या पहिल्याच फेरीत मावशी तिला "मॅडम" म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, नुसतं अंतर होतं. प्रज्ञा हसली आणि पुढं गेली, पण तो शब्द दिवसभर तिच्या मागं मागं फिरला.

काही दिवसांतच तिच्या ध्यानात आलं, की मावशीच्या मशीनवर तुटलेले धागे फार वेळ लोंबकळत राहतात. आधी जाता जाता ती स्वतःच ते जोडून द्यायची, कुणाला दिसू न देता. पण एका दुपारी मावशी वाकली, धाग्याचा अंदाज चुकला आणि तिचं बोट फिरत्या भागावर घासलं. पांढऱ्या सुतावर रक्ताची बारीक रेघ उमटली. हात सरकला, असं मावशी म्हणाली. रुमाल बांधताना प्रज्ञानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्यांवर दूध सांडल्यासारखी साय होती.

मॅनेजर हेमंत साहेब वाईट माणूस नव्हते. प्रज्ञानं मावशीच्या डोळ्यांचं सांगितलं, तेव्हा मावशीला पॅकिंगला पाठवून द्या, असं ते सहज म्हणाले. प्रज्ञा खुर्चीवरून उठली नाही. नव्या पोरी महिनाभरही टिकत नाहीत, त्यांना हाताला धरून शिकवणारं कुणी नाही, ते काम मावशीला द्या, तेही त्याच पगारावर, असं तिनं मांडलं. साहेबांनी विचार केला आणि करून पाहू म्हणाले.

आनंदाच्या भरात प्रज्ञानं हे मावशीला मशीनपाशीच सांगितलं, आजूबाजूच्या बाया ऐकत असताना. मावशीला त्यातलं एकच कळलं, की आपली मशीन गेली. तिनं अ‍ॅप्रन काढून त्याची नीट घडी केली, तो मशीनवर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिसऱ्याही नाही.

त्या आठवड्यात बसमध्ये प्रज्ञाला एक स्वप्न पडायचं. गिरणी एकदम गप्प झालेली, आणि त्या गप्पपणातून एक धागा बाहेर निघालेला, फुललेल्या बागांवरून, रुळांवरून, मावशीच्या तिगावच्या दिशेनं. ती त्याच्यामागं चालायची, पण पाय जमिनीला टेकायचे नाहीत.

रविवारी ती स्कूटीनं तिगावला गेली. स्टेशनामागच्या घरात मावशी अंगणात लसूण सोलत बसली होती. तिनं पाट पुढं सरकवला, पाणी दिलं, आणि पुन्हा लसूण घेतला.

"मावशी, साऱ्यांसमोर बोलली मी. तसं बोलाले नको होतं," प्रज्ञा म्हणाली.

मालगाडी आली, लांबच लांब, आणि तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत दोघी तिकडंच पाहत होत्या.

"मले दोन वर्षांपासून धुरकट दिसून राहिलं," मावशी अखेर म्हणाली. "सांगतलं असतं तं मशीन गेली असती. घरी बसून मी का करू व? तो आवाज नसला तं मले झोपही येत नाई."

"मशीन गेली, आवाज कायले जाईन? त्याच खात्यात, कोपऱ्यातली जुनी मशीन तुह्यासाठी मागून घेतली. पोरी शिकतीन तिच्यावर."

"अन् मी शिकवू कशी? मले दिसत नाई धड."

"तू मले माहे डोळे मिटाले लावून शिकवलं होतं. म्हणे, पाहू नको, धागा बोटाले सांगते."

मावशीच्या हातातली पाकळी तशीच राहिली. हे आपण म्हणालो होतो, हे ती विसरून गेली होती. मग तिनं विचारलं, पोरी कुठल्या आहेत, अन् त्या डबा आणतात का. प्रज्ञाला कळलं, मावशी येणार.

ती आली. पहिले काही दिवस ताठ बसायची, आपल्या आधीच्या मशीनकडं मुद्दाम पाहायची नाही. उन्हाळ्याआधी प्रज्ञानं सोबत जाऊन तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं. नजर सुधारली, तरी मावशीनं मशीन परत मागितली नाही. पल्लवी नावाची लोधीखेड्याची पोरगी रोज रडत घरी जायची, आणि मावशीला आता तिची काळजी लागली होती.

एका सकाळी प्रज्ञा फेरीवर असताना कोपऱ्यात थबकली. पल्लवीचे डोळे मिटलेले होते. मावशी तिच्या कानाशी हळू काहीतरी सांगत होती. उजेडाच्या पट्ट्यात दोघींच्या केसांवर कापूस उतरत होता. पोरीचं बोट चाचपडलं, थांबलं, आणि धागा जुळून सरसर वर चढला. दोघींनाही प्रज्ञा दिसली नाही. ती तशीच मागं फिरली. पलीकडच्या ओळीतल्या मशीनी अजून बघायच्या राहिल्या होत्या.