फहीमा आत्याचा पाहुणा

जॉर्डनमधल्या इर्बिदच्या निर्वासित छावणीत रस्मिया लहानाची मोठी झाली ती फहीमा आत्याच्या हाताखाली. आत्या विधवा, जिभेची तिखट, आणि घर म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली. पॅलेस्टाईनमधलं गाव सुटलं, जमीन गेली, पण दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही ही रीत काही सुटली नव्हती.

एका हिवाळ्यात युरोपातल्या एका बर्फाळ देशाचा उंच अधिकारी छावणी बघायला आला. निर्वासितांच्या मदतीची चर्चा संयुक्त राष्ट्रांत व्हायची होती, आणि तिथे आपल्या देशाच्या वतीने तोच बोलणार होता. त्याला कुठली घरं दाखवायची, हे छावणीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी आधीच ठरवलं होतं. आत्याचं घर त्यांत नव्हतं. ती चिखलात वाट अडवून उभी राहिली.

"माझ्या दारावरून उपाशी जाणार? लोक मला काय म्हणतील?"

"फहीमाबाई, साहेबांना वेळ नाही," मुख्याध्यापक कुजबुजले.

"त्यांना विचारा तरी."

विचारलं, तर तो वाकून आत आला आणि चटईवर बसला. लांब पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. रोटीचं पीठ मदतीच्या शिध्यातलं, कदाचित त्याच्याच देशातून आलेलं. ऑलिव्हच्या तेलात बुडवून त्याने ती खाल्ली, मरमियाची सुगंधी पानं घातलेला चहा पुन्हा एकदा मागून घेतला. काय हवं, असं त्याने दुभाष्याकरवी विचारलं. आत्या रॉकेल मागेल, निदान घोंगडी तरी, असं रस्मियाला वाटलं.

"आज तू पाहुणा आहेस," आत्या म्हणाली. "पाहुण्याकडे मागत नाहीत. तिथे बोलशील तेव्हा आमची आठवण ठेव."

पुढे रेडिओवर कळलं, त्या देशाने मदतीच्या बाजूने मत दिलं होतं. हा आपल्या चहाचाच गुण, असं आत्याने गल्लीभर सांगितलं. काही वर्षांनी अशाच मतदानात तोच देश तटस्थ राहिला, तेव्हा शेजारणींनी तिला डिवचलं. "दुसऱ्या कुणाला पाठवलं असेल," ती शांतपणे म्हणाली.

रस्मिया शिकून शिक्षिका झाली. मतं कशी ठरतात, त्यामागे किती घासाघीस असते, हे तिला कळलं. सुट्टीत घरी गेल्यावर ते आत्याला समजावायचं असं तिने ठरवलंही होतं. पण आत्या नव्या शेजारणीला तीच गोष्ट रंगवून सांगत होती. रस्मिया शेजारी टेकली आणि म्हणाली, "आत्या, तीनदा मागितला होता चहा."

आत्याचा चेहरा असा काही खुलला, की ती म्हातारी झाली आहे हे रस्मिया क्षणभर विसरली.

आता आत्या नाही. रस्मिया मैत्रिणींना पाहुण्याची गोष्ट सांगते, आणि त्याने चहा तीनदा मागितला, असंच सांगते.