खिशातली मोहर

मी बोलतेय, पण हळू. मोठा आवाज मला सोसत नाही. कुणी टेबलावर फाइल आपटली तरी मी दचकते, आणि दचकले की पुढचं विसरते. म्हणून आधीच सांगून टाकते. मी एक पितळी मोहर आहे, अंगठ्याएवढी, लाकडी मुठीची. अकोल्यातल्या एका सरकारी कार्यालयाची. लाच मागणाऱ्याला पकडणं हे आमच्या कार्यालयाचं काम. सापळा लागला, माणूस सापडला की पुरावे पाकिटात भरतात, पाकिटावर तापलेली लाख ओततात आणि त्या लाखेवर मला दाबतात. दर वेळी चटका बसतो. त्याची सवय होत नाही.

एका कारागिरानं छिन्नीनं माझ्या तोंडावर अक्षरं कोरली तेव्हा मी इतकी थरथरले की त्याचा हात घसरला. एक वेलांटी अजून वाकडी आहे.

माझे पहिले साहेब चंद्रभान साहेब. रजेवर निघाले की ज्याच्याकडे चार्ज द्यायचा त्याच्या हातावर मला ठेवायचे. म्हणायचे, "घे बा. आता तूच साहेब. चुकलास तर मी हावोच." एकदा मी कपाटात अडकले आणि चावी चुकून त्यांच्याबरोबर गेली चिखलदऱ्याला. तेव्हा फोनवरून त्यांनी सांगितलं, "मोहर नसेल तर पाकिटांवर पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या लावा, पण माणूस सोडू नका." कोर्टात त्या चिठ्ठ्या चालल्यासुद्धा.

ते निवृत्त झाले आणि गोपाळकृष्ण साहेब आले. त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही. दुसऱ्याच्या घरचा चहासुद्धा न घेणारा माणूस. पण आधीच्या ठिकाणी, ते रजेवर असताना, एक पाकीट फुटलेलं निघालं होतं. चौकशी त्यांच्यावर बसली आणि कित्येक वर्षं चालली. तेव्हापासून त्यांनी एक रीत धरली. रजेवर जाताना सगळे अधिकार लेखी देऊन जायचे, आणि मला मात्र रुमालात गुंडाळून खिशात घालून न्यायचे.

त्यांच्या मुलीचं, अवनीचं लग्न अमरावतीला होतं. माया मॅडम आमच्या निरीक्षक. त्यांच्या नावानं आदेश निघाला: रजेच्या काळात सर्व अधिकार त्यांना. मॅडमनी तो वाचला आणि विचारलं, "साहेब, मोहर?"

"लागली तर फोन करा."

सही केलेला आदेश मॅडमच्या हातात होता आणि मी साहेबांच्या खिशात.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात बँड असा वाजत होता की मला वाटलं, मी आता दुभंगतेच. त्यातच खिशातला फोन थरथरला. तो माझ्या अंगालाच लागून होता. थांबला, पुन्हा थरथरला. साहेब अक्षता वाटत होते. किती तरी वेळानं त्यांनी तो कानाला लावला. पलीकडे माया मॅडम होत्या.

अकोल्याला सूर्यभान नावाचा माणूस तक्रार घेऊन आला होता. त्याच्या मुलीला, दामिनीला नर्सिंगला जागा मिळाली होती, पण जातीच्या दाखल्याचं वैधता प्रमाणपत्र एका बाबूनं अडवून ठेवलं होतं. आज ऑफिस सुटायच्या आत पैसे आणा, म्हणाला होता. उद्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. बाबू आज सापडला असता तर प्रमाणपत्रही आमच्याच लोकांनी काढून दिलं असतं. तशी पद्धत आहे.

"मागणी रेकॉर्ड झाली साहेब. पंच बसलेत. निघू?"

"मला काय विचारता? अधिकार दिलेत ना तुम्हाला?"

"दिलेत साहेब. पण मोहर तुमच्याकडे आहे. उद्या कोर्टात वकील म्हणेल, पाकिटं बदलली. मग चौकशी माझ्यावर."

चौकशी हा शब्द ऐकताच साहेबांनी खिशात हात घालून मला चाचपलं. चिठ्ठ्या लावा, निघा, एवढं ते म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी तसं म्हटलं नाही. "थांबा. गोवर्धनसोबत पाठवतो," म्हणाले.

गोवर्धन म्हणजे आमच्या गाडीचा ड्रायव्हर. तो पंगतीत बसला होता. उठला, हात धुतले आणि मला पुढच्या काचेपाशी ठेवून निघाला. प्रत्येक खड्ड्यात मी घरंगळत होते. मूर्तिजापूरपाशी कापसाच्या गाड्या अडकल्या होत्या आणि तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"गोवर्धन, कुठं आहेस?"

"मूर्तिजापूर. म्होरं सगळा कापूस उभा हाय मॅडम. उडून येऊ का?"

"चेष्टा नको रे. तो बाबू सूर्यभानना सारखा फोन करतोय."

मागून सूर्यभानचा आवाज ऐकू आला, "येऊनच राहिलो साहेब, एस्टी नाई भेटली..." ते बाबूला थोपवत होते. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज होता तो. मला कळलं, म्हणजे बाबूलाही कळलं असणार.

पोचलो तेव्हा बाबूचं ऑफिस सुटलं होतं आणि त्याचा फोन बंद होता. गोवर्धननं मला टेबलावर ठेवलं. पंच उठून चपला घालत होते. सूर्यभानजवळ एक सडपातळ मुलगी बसली होती, तीच दामिनी. तिनं मला उचललं, उलटंपालटं केलं.

"एवढीशीच हाय का?" ती म्हणाली. "हिच्यासाठी थांबलो होतो आपण?"

"ठेव बेटा, सरकारी वस्तू हाय," सूर्यभान म्हणाले.

मॅडमनी त्यांना सांगितलं, सकाळी लवकर या, आता सगळं तयार आहे. त्यांनी मान डोलावली.

सकाळी ते आले नाहीत. मॅडम फोन लावत राहिल्या. दुपार टळल्यावर सूर्यभान एकटेच आले आणि दारातच उभे राहिले.

"माही काही तक्रार नाई मॅडम. तसं लिहून घ्या."

"प्रमाणपत्र?"

"भेटलं. पोरीचं ॲडमिशन झालं."

"कसं भेटलं?"

सूर्यभान म्हणाले, "देणारा बी गुन्हेगार असते म्हणतात. तो बाबू तं बसला हाय खुर्चीत. मले पकडता का आता?"

मॅडमपुढे आदेश होता, मी होते, लाखेची कांडीही होती. पहिल्यांदाच सगळं एका टेबलावर होतं. मॅडमनी कागद पुढे सरकवला. सूर्यभाननी उभ्यानंच दोन ओळी लिहून सही केली.

"जा दादा," मॅडम म्हणाल्या. "तुमची गाडी चुकेल."

तक्रारदारानं तक्रार मागे घेतली, एवढीच नोंद झाली. साहेब परतले, सगळ्यांना लाडू दिले, मला रुमालात गुंडाळलं. मॅडमना रागावले नाहीत.

हल्ली मी खिशातच असते. इथं अंधार आहे, लाखेचा चटका नाही. घाबरटाला आणखी काय हवं? पण साहेब, त्या पोरीला तिची जागा आम्ही नाही मिळवून दिली, त्या बाबूनं दिली, पैसे घेऊन. ती शिकेल, नर्स होईल, आणि काम कसं होतं ते तिला पक्कं ठाऊक असेल. पुढच्या रजेला तुम्ही निघाल तेव्हा मला मॅडमच्या हातावर ठेवा. नाहीतर माझ्याविना, चिठ्ठ्या लावून निघायला त्यांना सांगा. भीती वाटते म्हणता? मला तर भीतीच वाटते सारखी. तरी लाखेवर ठेवलं की मी उमटतेच ना.