सांध्याने जोडलेली शिंपली

मित्रांनो, मी एक जुनी शिंपली आहे. खरं तर दोन. पण माझे दोन्ही भाग मागच्या बाजूला एका चिवट सांध्याने जोडलेले आहेत, म्हणून मी स्वतःला एकच समजते. मिठबावच्या किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत मी वाढले. माझ्या आत एक मऊ जीव राहत होता. त्यानेच मला थराथराने घडवलं. भरती आली की मी किंचित उघडायचे आणि तो पाण्यातलं खाणं टिपायचा. काही टोचलं की मी घट्ट मिटायचे. माझं काम एवढंच, आणि ते मी चोख करत असे.

किशोरीबाई जवळच्या एका शाळेत शिकवतात. त्यांना शिंपल्या गोळा करायचा भारी नाद. मुलांना किनाऱ्यावर आणून त्या माझी जात ओळखायला शिकवत: सांध्यापासून कडेपर्यंत पंख्यासारख्या रेघा, करवतीसारखी कड, आणि बाजूने धरली तर बदामाचा आकार. "पण रिकामीच घ्यायची," असं दर वेळी बजावत. लाटांनी सांधा तुटतो, त्यामुळे त्यांच्याकडे सगळे सुटे भागच होते. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्यांना अख्खी जोडी हवी होती.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी बाई एकट्याच आल्या. वाळूत बोटं घालून त्यांनी मला बाहेर काढलं. मी मिटले, तशी आतल्या पाण्याची चिळकांडी त्यांच्या तळहातावर उडाली. बाई थबकल्या. मला खाली ठेवून थोड्या पुढे गेल्या आणि परत आल्या.

घरी त्यांनी मला उकळत्या पाण्यात सोडलं. मित्रांनो, त्यापुढे मला मिटून राहता आलं नाही.

प्रदर्शनात निळ्या मखमलीवर माझं खूप कौतुक झालं. संचिता नावाची मुलगी तर माझ्यापुढून हलेचना.

"बाई, ही खंय गावली?"

"किनाऱ्यावर पडली होती," बाई म्हणाल्या आणि पलीकडच्या टेबलाकडे वळल्या.

संचिताने ते खरं मानलं. मग ती सुट्टीच्या दिवशी किनारा पालथा घालू लागली. शाळेत आली की हळूच सांगायची, "बाई, अजून गावाक नाय. माझीच नजर बरी नाय."

"सोड ना आता तो नाद," बाई मान वर न करता म्हणत. खरं ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच राहायचं. वर्गातल्या टेबलावर त्यांनी माझ्यावर रुमाल टाकून ठेवला होता.

एका सोमवारी संचिताचे बाबा तिला हाताला धरून वर्गात आले. सत्यवान त्यांचं नाव. ते मासेमारी करतात.

"बाई, काल ह्या चेडवाक खाडीच्या तोंडावरच्या खडकावरून होडयेन हाडलंय. चारी बाजून पाणी भरला होता. विचारलंय तर म्हणता, बाईंका गावली तशी जोडी माका व्हयी."

भरतीत अडकलेल्या पोरीला त्यांना होडीने आणावं लागलं होतं; त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. संचिताचे गुडघे खडकांवर सोलवटले होते.

बाई उठल्या. वर्गात त्या नेहमी पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी ती काही तोंडात येईना.

"संचिता, तुझी नजर बरी आसा गो. मीच खोटा सांगलंय. ती पडलेली नव्हती. जिती होती. माका कळला होता, तरी मी तिका उकडलंय."

संचिता आपल्या बाकावर जाऊन बसली. त्यानंतर कितीतरी दिवस ती बाईंशी कामापुरतंच बोलत असे, आणि बाई ते मुकाट्याने सोसत.

मखमल गेली. आता नवा वर्ग आला की बाई मला हातात घेऊन सगळी हकिगत सांगतात, आणि उकळत्या पाण्यापाशी त्यांचा आवाज दर वेळी अडखळतो.

गेल्या थंडीत त्या लहान मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेल्या. मी त्यांच्या पिशवीत होते, संचिता मदतीला होती. सर्वेश नावाच्या चिमुरड्याने एक मिटलेली शिंपली बाईंच्या हातावर ठेवली. बाई ती तशीच हातावर घेऊन उभ्या राहिल्या. संचिताने ती अलगद उचलली, ओल्या वाळूत खोचली आणि बाईंचा हात धरला.

"चला बाई, पुढे बघूया," ती म्हणाली.

मित्रांनो, शिंपल्या जरूर वेचा. रेघा पाहा, आकार ओळखा. पण मिटलेली हाती आली, तर कोणीतरी ती आतून ओढून धरलेली असते. तिला जागच्या जागी ठेवा. माझ्याकडे बघून लोक अजूनही म्हणतात, किती सुंदर. सुंदर मी आहे. पण आत कोणी नाही.